छपरं मोजली, पण माणसं?

२००१ च्या जनगणनेचे देशपातळीवरचे तक्ते काढून बघा. बऱ्याच तक्त्यांच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप सापडते. मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातले माओ-मराम, पाओमाटा आणि पुरुल हे तीन उपविभाग या आकड्यांत धरलेले नाहीत, कारण तिथली मोजणी 'तांत्रिक आणि प्रशासकीय कारणांमुळे' रद्द केली आहे. शंभर कोटींच्या वर माणसं मोजून झाली आणि तीन उपविभागांचे कागद बाजूला काढून ठेवावे लागले. सरकारी शब्द सोडले तर गोष्ट साधी होती. दहा वर्षांतली तिथली वाढ इतकी अचाट दिसत होती की मोजणाऱ्यांचाच तिच्यावर विश्वास बसेना.

शेजारच्या नागालँडचा आकडा मात्र रद्द झाला नाही, तो छापला गेला. १९९१ मध्ये १२,०९,५४६ माणसं, २००१ मध्ये १९,९०,०३६. वाढ ६४.५३ टक्के, देशात सर्वात जास्त. मग २०११ आलं आणि आकडा १९,७८,५०२ वर उतरला. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही, तरी दशकभरात लोकसंख्या घटलेलं ते देशातलं एकमेव राज्य ठरलं. घटलं काय होतं? आधीचा फुगा. डोळ्यांसमोर मतदारसंघांची फेररचना होती, कुठल्या भागाला किती जागा मिळणार हे डोक्यांच्या संख्येवर ठरणार होतं, आणि गावागावांत चढाओढीने डोकी वाढली. पुढे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांच्या सरकारनेच तो २००१ चा आकडा नाकारला.

आता जरा हिशोब करू. दहा वर्षांत ७ लाख ८० हजार माणसं वाढली असं कागद म्हणतो. एका घरात पाच माणसं धरली तर दीड लाखाहून जास्त नवी घरं उभी राहायला हवीत. राज्यात गावं तेरा-चौदाशे. शहरं वेगळी काढली तरी गावामागे डझनांनी नवी छपरं निघाली पाहिजेत. माणूस कागदावर एका रेघेत वाढवता येतो. छप्पर तसं वाढत नाही. त्याला पत्रा लागतो, जागा लागते, आणि ते वरून दिसतं.

नकाशाचं तंत्र जनगणनेला तपासायला येतं ते इथे.

मग २००१ मध्येच का नाही तपासलं? तेव्हा सहज मिळणाऱ्या उपग्रहचित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाय ३० मीटरचा चौकोन असे. त्यात चार-पाच घरं, अंगण आणि केळीची बाग मिळून एकच रंग उमटायचा. आपल्या आयआरएस-१सी उपग्रहाची नजर त्याहून बरी, ५.८ मीटरची होती, पण डोंगरउतारावरचं एकेक छप्पर ओळखायला तीही अपुरी. २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ ची नजर पाव मीटरच्या आसपास आहे. त्या चित्रात छपरावर वाळत घातलेली गोधडी कदाचित नाही दिसणार, पण छप्पर नक्की दिसतं.

ट्रेसिंग पेपरची चळत

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव भारदस्त आहे, कल्पना जुनीच. पूर्वी ड्राफ्ट्समन लोक एकावर एक ट्रेसिंग पेपर ठेवायचे : खालच्यावर जमीन, त्यावर रस्ते, त्यावर पाण्याच्या लाइनी. संगणकातही तेच चालतं. एका थरावर गावांच्या हद्दी, दुसऱ्यावर उपग्रहाने दिसलेली छपरं, तिसऱ्यावर नद्या-जंगलं, चौथ्यावर जनगणनेचे गट. फरक एवढाच की इथे प्रत्येक रेषेमागे आणि ठिपक्यामागे एक तक्ता असतो. गावाच्या आकारावर बोट ठेवलं की त्याचा संकेतांक, कुटुंबं, माणसं समोर येतात.

जोडणी होते ती त्या संकेतांकाने. म्हणूनच या कामातला निम्मा घाम नकाशा काढण्यात जात नाही, नावं जुळवण्यात जातो. एका तालुक्यात दोन-दोन पिंपळगाव असतात. 'बु.' आणि 'खु.' गाळलं की बुद्रुकची माणसं खुर्दच्या हद्दीत जाऊन बसतात, आणि नकाशा बिचारा निमूटपणे ते रंगवून दाखवतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की संगणकाने तपासलंय म्हणजे बरोबरच असणार.

जनगणनेचा सगळ्यात छोटा तुकडा म्हणजे प्रगणन गट. एका प्रगणकाला पेलेल एवढा भाग, साधारण सहाशे ते आठशे वस्तीचा. आणि या गटाचा नकाशा आजवर होता नजरी नकाशा, म्हणजे नजरेच्या अंदाजाने कागदावर काढलेला.

माझी मावशी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २०११ च्या जनगणनेची ड्युटी लागली तेव्हा तिने काढलेला नकाशा मी पाहिला आहे. वर उत्तर दिशेचा बाण, डावीकडे ओढा, मध्ये मारुतीचं देऊळ, खाली पाण्याची टाकी. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. राहतं घर नसेल, म्हणजे शाळा, दुकान, गोठा, तर आतून रेघा. आकडे वायव्य कोपऱ्यातून सुरू करायचे आणि बाणांनी रस्ता दाखवत आग्नेयेला संपवायचे, असा नियम. तिच्या नकाशात ओढा शाळेच्या पट्टीने मारल्यासारखा सरळ होता आणि मारुतीचं देऊळ चार घरांएवढं मोठं. पण एकही घर सुटलेलं नव्हतं, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगते.

भांडण झालं ते ओढ्यापलीकडच्या तीन घरांवरून. तिच्या नकाशात ओढा ही हद्द. शेजारच्या गटाच्या गुरुजींच्या नकाशात हद्द होती ओढ्यालगतची पाऊलवाट. ओढा आणि पाऊलवाट यांच्या मधल्या पट्टीत तीन घरं. गुरुजी म्हणाले, "बाई, ती तुमची." मावशी म्हणाली, "गुरुजी, ओढ्याच्या पलीकडचं माझं कसं?" शेवटी दोन हिने घेतली, एक त्यांनी. भांडले म्हणून तिन्ही मोजली गेली. दोघांनीही न भांडता 'ती दुसऱ्याची' असं मनात धरलं असतं तर त्या तीन घरांतली माणसं देशाच्या हिशोबात नसतीच.

सगळीकडे असे भांडणारे मास्तर नसतात. २०११ च्या मोजणीनंतर निवडक गट स्वतंत्रपणे पुन्हा मोजून पडताळणी झाली. तिच्यात असं निघालं की दुबार मोजलेले वजा जाता हजारी २३ माणसं मोजणीतून निसटली होती. देशाच्या १२१ कोटींना हे प्रमाण लावलं तर संख्या पावणेतीन कोटींच्या वर जाते. या पडताळणीवरून मूळ आकडे दुरुस्त केले जात नाहीत. चूक किती ते कळतं, कुठे ते कळत नाही. हजारी तेवीस हा सरासरीचा आकडा आहे, तो कुठल्या ओढ्याकाठी सांडला हे तो सांगत नाही.

नकाशा तपासणीला येतो तो या 'कुठे' साठी.

संगणक काय काय विचारतो

पहिला प्रश्न अगदी मठ्ठ वाटेल असा आहे. प्रत्येक छप्पर कुठल्या तरी एका, आणि एकाच, गटात पडतंय का? सगळ्या गटांच्या हद्दी एकमेकींशेजारी मांडल्या की मध्ये कुठे फट राहिली आहे, कुठे दोन हद्दी एकमेकींवर चढल्या आहेत, हे लगेच दिसतं. फटीत छपरं असतील तर माणसं सुटणार. चढलेल्या पट्टीत छपरं असतील तर दोनदा मोजली जाणार. मावशीची तीन घरं फटीतली. नजरी नकाशांवर हे तपासताच येत नाही, कारण दोन नजरांनी काढलेले दोन कागद एकमेकांना जुळतच नाहीत. २०२७ च्या जनगणनेसाठी गट आखायला चार्ज अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपापल्या भागातल्या मोजणीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती वेब-नकाशावर चालणारं साधन दिलं आहे आणि प्रगणकाकडे कागदाऐवजी मोबाइल ॲप, त्यामागचा खरा फायदा हा आहे. लोकांना वाटतं की डिजिटलमुळे निकाल लवकर लागतील. तो फायदा दुय्यम. हद्द खऱ्या जमिनीवरच्या खऱ्या रेषेवर बसली, ही मोठी गोष्ट.

दुसरा प्रश्न भागाकाराचा. समजा चार गट शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात १३० छपरं, ६४० माणसं. दुसऱ्यात १२८ छपरं, ६१० माणसं. तिसऱ्यात १३१ छपरं, पण माणसं २९०. चौथ्यात छपरं ४० आणि माणसं ७००. पहिल्या दोघांत छपरामागे पाचाच्या आसपास माणसं येतात, तेव्हा तिकडे बघायचं कारण नाही. तिसऱ्यात सव्वादोन, चौथ्यात साडेसतरा. संगणक या दोघांना लाल रंग देतो आणि थांबतो. चौथ्यात चाळ किंवा चार मजली इमारती असतील, किंवा कुणीतरी घरबसल्या माणसं वाढवली असतील. दोन्हीही शक्य आहे, आणि वरून दोन्ही सारखंच दिसतं.

तिसरा प्रश्न प्रगणकाच्या चालीचा. मोबाइलवर नोंद होते तेव्हा वेळही नोंदली जाते आणि जागा नोंदवायची सोय असेल तर जागाही. शंभर घरांच्या नोंदी नकाशावर टाकल्या आणि त्यातल्या साठ एकाच ठिपक्यावर, तेही अर्ध्या तासात आल्या, तर तो ठिपका बहुतेक चहाच्या टपरीचा. पण मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटर इकडेतिकडे होतं, गल्लीबोळात त्याहून पुष्कळ जास्त. शिवाय बारा मजली टॉवरमधली अठ्ठेचाळीस घरं नकाशावर एकाच ठिपक्यावरच पडणार. शिक्षकांनी उन्हात पाय तुटेपर्यंत हिंडायचं आणि वातानुकूलित खोलीत बसून कुणी ठिपक्यांवरून त्यांना नोटीस काढायची, हा प्रकार टाळायचा असेल तर ठिपक्याला पुरावा समजू नये, शंका समजावं.

कारखान्याला गेलेत

आता तो तिसरा गट बघू, १३१ छपरं आणि २९० माणसं. प्रगणकाने कामचुकारपणा केला असं पटकन म्हणावंसं वाटतं. मावशीलाही तसं ऐकावं लागलं होतं. तिच्या गटात फेब्रुवारीत एकामागून एक दारांना कुलपं. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर एकच उत्तर, "कारखान्याला गेलेत." बीडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', पोराबाळांसकट पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघते आणि उन्हाळा तोंडावर आला की परतते. २०११ ची माणसांची मोजणी होती ९ ते २८ फेब्रुवारी. नियम असा की मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नाही, त्याला घरच्या पत्त्यावर धरायचं नाही, तो असेल तिथे मोजायचा.

म्हणजे मावशीच्या गावात छपरं होती, माणसं नव्हती. आणि तिकडे कारखान्याच्या परिसरात, उसाच्या फडाजवळच्या मोकळ्या रानात, माणसं होती आणि छपरं म्हणाल तर कोप्या. बांबू, पाचट, वर ताडपत्री. उपग्रहाचं चित्र पावसाळ्यानंतरचं असेल तर त्या रानात काहीच नाही. जानेवारीतलं असलं तरी ताडपत्रीच्या त्या कोपीला संगणक घर म्हणेलच असं नाही. गावाकडे नकाशा म्हणणार माणसं कमी लागली, कोप्यांकडे म्हणणार जास्त लागली, आणि दोन्हीकडे प्रगणक बरोबर असू शकतो.

हे अपवाद नाहीत. २०११ च्या घरयादीत देशात जनगणनेच्या व्याख्येतली घरं सुमारे ३३ कोटी निघाली आणि त्यातली जवळपास अडीच कोटी रिकामी. उरलेल्यांतही दुकानं, शाळा, गोदामं आहेत. राहणारी कुटुंबं साधारण २४ कोटी ६७ लाख. म्हणजे अशा साधारण चार घरांपैकी एकात कुटुंब राहत नाही. कोकणात गणपतीपुरती उघडणारी घरं, लोणावळ्याचे बंगले, विकल्या न गेलेल्या फ्लॅटच्या इमारती, शेडनेट, पोल्ट्री. पोल्ट्रीचं लांबलचक पत्र्याचं छप्पर तर या तंत्राचा आवडता घोटाळा आहे. संगणकाच्या हिशोबाने त्यात सहज दहा-बारा कुटुंबं मावतात.

तेव्हा छपरांची संख्या गुणिले पाच करून जनगणनेला खोटं पाडता येत नाही. नागालँडमध्ये छपरांचा युक्तिवाद कामाला येतो तो दोन कारणांनी. कागदावरची वाढ पाच-दहा टक्क्यांची नव्हती, साठ टक्क्यांच्या वर होती. आणि तिथे एका क्षणाच्या छपरांशी तुलना करायची नाही, दोन काळांतल्या छपरांची वाढ बघायची आहे. रिकाम्या घरांचं प्रमाण दहा वर्षांपूर्वीही तसंच असेल असं धरायला हरकत नसते.

बिबट्यांच्या जंगलात एकवीस हजार माणसं

उलट दिशेने येणारी एक चूक आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. मुंबई उपनगर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ९३ लाख ५७ हजार, क्षेत्रफळ ४४६ चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला जवळपास २१ हजार. बातमीसोबत छापलेल्या रंगीत नकाशात अख्खा जिल्हा एकच गडद रंगाचा. त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भागही आला. म्हणजे नकाशानुसार बिबट्यांच्या जंगलातही चौरस किलोमीटरला एकवीस हजार माणसं राहतात, आणि त्या हिशोबाने कुर्ल्याच्या गल्लीत आहे त्यापेक्षा विरळ वस्ती आहे.

उपाय जुना आहे. जॉन के. राइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९३६ मध्ये केप कॉडचा लोकसंख्येचा नकाशा असा काढला की जिथे वस्ती नाही ते भाग आधी वगळले आणि मगच माणसं उरलेल्या जमिनीवर वाटली. आज जगभरच्या लोकसंख्येचे चौकटी-चौकटींचे नकाशे बनतात ते याच तत्त्वावर. एकूण आकडा जनगणनेचा, वाटप छपरं, रस्ते आणि रात्रीचे दिवे बघून. पूर येतो, लस वाटायची असते, तेव्हा हे नकाशे फार उपयोगी पडतात.

फक्त वगळताना हात जपून हवा. 'जंगल' म्हणून राष्ट्रीय उद्यान शून्यावर आणलं की आतले आदिवासी पाडेही शून्य होतात. ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. झाडोऱ्याखालचं कुडाचं घर वरून पानांच्या रंगाचं दिसतं. आणि एकदा नकाशाने 'इथे कुणी नाही' असं ठरवलं की तिथे कुणी विचारायलाही जात नाही. मला या तंत्राची खरी भीती वाटते ती इथे. जास्त मोजलेल्यांबद्दल निदान भांडण होतं. शून्य केलेल्यांबद्दल कोण भांडणार?

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये एक नामी युक्ती केली. धरण बांधताना बुडणाऱ्या गावांतली माणसं नीट मोजावी लागतात, कारण भरपाई द्यायची असते. त्यांनी ३५ देशांतल्या ३०७ धरणांच्या विस्थापितांचे आकडे घेतले आणि त्याच जागी हे चौकटींचे नकाशे काय सांगत होते ते ताडून पाहिलं. वेगवेगळ्या नकाशांत ग्रामीण माणसं ५३ ते ८४ टक्क्यांनी कमी दाखवली होती, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले, आणि धरणाच्या काठावरून सगळं जग ठरवणं धाडसाचं आहे हे खरंच. पण धरणग्रस्तांच्या यादीने उपग्रहाची परीक्षा घ्यावी, ही कल्पना आपल्याकडच्या माणसाला जरा जास्तच कळेल.

दुसऱ्या टोकाला पापुआ न्यू गिनी. डोंगर, दाट जंगल, शेकडो भाषा, आणि २०११ नंतर बरीच वर्षं जनगणनाच झालेली नव्हती. सरकारी अंदाज ९४ लाखांच्या आसपास होता. २०२२ च्या अखेरीस बातमी फुटली की उपग्रहचित्रांचा आधार घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने केलेल्या अभ्यासात आकडा १ कोटी ७० लाखांपर्यंत जातोय. जवळजवळ दुप्पट! शाळा, दवाखाने, दरडोई उत्पन्न, सगळे हिशोब एका रात्रीत खोटे. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने याच पद्धतीने काढलेला २०२१ चा अंदाज प्रसिद्ध केला तो १ कोटी १८ लाखांचा. त्यात चित्रांवरून ओळखलेली घरं होती आणि मलेरियाच्या मच्छरदाण्या वाटताना घराघरांतून घेतलेल्या नोंदी होत्या. मग २०२४ ला प्रत्यक्ष जनगणना झाली, आणि आकडा आला सुमारे १ कोटी २ लाख.

एकच देश, दोन-तीन वर्षांत चार आकडे. वरून घरं मोजली की ती एका गृहीतकाने गुणावी लागतात, घरामागे माणसं किती. तिथे पाचाऐवजी सहा धरले की सगळा देश वीस टक्क्यांनी फुगतो. नजर पाव मीटरची असो नाहीतर पाव इंचाची, तो सहाचा आकडा दारात उभं राहूनच आणावा लागतो.

ठाणे रिकामं झालं?

तपासणीचा आणखी एक भाग काळाचा आहे आणि महाराष्ट्रात त्याचं उदाहरण आयतं आहे. २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १,१०,६०,१४८. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. पुढच्या जनगणनेत ठाण्याचा जो काही आकडा येईल तो जुन्या आकड्याशेजारी ठेवून कुणीतरी 'ठाण्याची वाढ मंदावली' असा मथळा देणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते. जुना आकडा आधी आजच्या हद्दीत कापून घ्यावा लागतो. तसं केलं की २०११ चं ठाणे ८०,७०,०३२ आणि पालघर २९,९०,११६. आठ तालुके अख्खे गेले म्हणून ही बेरीज-वजाबाकी सोपी होती.

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, तीही अख्खी आली तोवर ठीक. खरी कटकट होते ती हद्द एखाद्या गावाच्या मधूनच गेली की. मग ती माणसं क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायची की छपरांच्या? छपरांच्या, हे आता तुम्हीही सांगाल. जनगणनेआधी हद्दी गोठवतात त्या याचसाठी. या वेळी त्या ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या.

या सगळ्यात घराच्या ठिपक्याला नाव चिकटतं, हे विसरायला नको. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कुणाला बघायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणून कोर्टात चालत नाहीत. कायदा झाला तेव्हा नोंद म्हणजे कागद होता आणि तो कपाटात बंद करता येत होता. अक्षांश-रेखांशासकट कुटुंबाची माहिती हे वेगळंच प्रकरण आहे, विशेषतः या वेळी जातही विचारली जाणार आहे तेव्हा. तपासणी घराच्या पातळीवर करावी आणि बाहेर काही द्यायचं ते गावाच्या, प्रभागाच्या पातळीवरचंच द्यावं, एवढं पथ्य पाळलं तर नकाशाचं काम कुठे अडत नाही.

मध्यंतरी मावशी घरी आली होती. आता निवृत्त आहे. मोबाइलवर तिच्या त्या गावाचं उपग्रहचित्र काढून दिलं. चष्मा वर करून तिने आधी ओढा शोधला आणि तो इतका वाकडा कसा म्हणून माझ्यावरच वैतागली. मग बोटाने एकेक घर ओळखत गेली. "हे बंदच असतं, पोरगं पुण्याला. हा गोठा. हे नवीन झालंय, माझ्या वेळेला नव्हतं." ओढ्यापलीकडची तीन घरं सापडली. "ही दोन माझी, ते गुरुजींचं." शेवटी बोट एका मोठ्या हिरव्या ठिपक्यावर थांबलं.

"ही चिंच. हिच्याखाली एक घर होतं, त्रिकोण काढला होता मी. एकच म्हातारी, सत्तरीची. बघ, यात दिसतच नाही ते."